कार्ड निघालं, पण केसपेपर निघाला का?

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या मोहल्ल्यांमध्ये एक नवं समाजकार्य रूढ झालंय. रविवारी सकाळी शाळेत नाहीतर शादी हॉलमध्ये दोन टेबलं टाकायची, चार लॅपटॉप मांडायचे, मागे बॅनर लावायचा आणि लोकांना 'हेल्थ कार्ड' काढून द्यायचं. संध्याकाळी ग्रुपवर फोटो येतात. आज तीनशे कार्डं, आज साडेचारशे. खाली माशाअल्लाहची रांग लागते आणि पुढच्या रविवारी दुसरी तंजीम पाचशेचं टार्गेट घेते.

या पोरांच्या मेहनतीबद्दल माझी तक्रार नाही. सुट्टीचा दिवस मोडून कोणी लोकांसाठी बसत असेल तर त्याची कदर व्हायलाच हवी. माझी तक्रार मोजमापाबद्दल आहे. आपण तेच मोजतोय जे सरकार मोजतं. किती नंबर तयार झाले, हा आकडा सरकारला परवडतो, कारण त्यातून जाहिरात होते. आपल्याला तो परवडणारा नाही. आपण विचारायला हवं की त्या कार्डवाल्यांपैकी सोमवारी सकाळी किती जणांना दवाखान्यात डॉक्टर भेटला, किती जणांना औषध मिळालं आणि किती जण खिडकीवरून परत आले.

आधी एक घोळ मिटवू. शिबिरांमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने खपवल्या जातात. 'आभा' हा १४ आकडी आरोग्य खाते क्रमांक आहे. तुमचे रिपोर्ट आणि नोंदी एकमेकांना जोडण्यासाठी तो वापरला जातो. त्यावर एक रुपयाचाही उपचार मोफत मिळत नाही. 'आयुष्मान कार्ड' वेगळं. ते विम्याशी जोडलेलं आहे. आपल्या राज्यात केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आणि राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना एकत्र राबवल्या जातात आणि त्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. 'आभा'चा कागद लॅमिनेट करून घेऊन गेलेली एखादी खाला अंगीकृत हॉस्पिटलमध्ये तो दाखवते आणि आरोग्यमित्र तिला सांगतो की हे चालत नाही. तिच्या मनात राग कोणाबद्दल येईल? ज्याने रविवारी तिच्या मोबाइलवर आलेला ओटीपी विचारून घेतला, त्याच्याबद्दल.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पोटापाण्यासाठी जे करतो त्यात काही वर्षं हॉस्पिटलच्या संगणकप्रणालीचं काम केलंय. त्यामुळे हे लिहिताना मी यंत्राविरुद्ध बोलत नाही. संगणक दवाखान्यात यायलाच हवा. केसपेपर हरवतो, एका हॉस्पिटलचा एक्स-रे दुसऱ्याला दिसत नाही, तीच रक्ततपासणी तीनदा होते आणि तिन्ही वेळा पैसे गरिबाच्या खिशातून जातात. क्षयरोगाच्या रुग्णांची नोंद ठेवणारी 'निक्षय' प्रणाली २०१२ साली सुरू झाली. आज त्याच नोंदीच्या आधारावर पोषण आहाराचे पैसे रुग्णाच्या खात्यात जातात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम महिन्याला ५०० वरून १००० रुपये झाली. संगणक नीट लावला तर माणसाच्या हाती काय पडू शकतं, त्याचं हे उदाहरण आहे.

प्रश्न आणायचा की नाही हा नाहीच. तो आणताना कोणाला विचारलं जातं आणि तो बिघडला की त्याचा भार कोणाच्या डोक्यावर पडतो, हा खरा प्रश्न आहे. माझ्या धंद्यात मी पाहिलेलं सांगतो. ठेकेदाराचं बिल निघतं ते यंत्रणा 'चालू' झाल्याच्या तारखेवर. किती संगणक बसले, किती जणांचं ट्रेनिंग झालं, किती नोंदी भरल्या, यावर. रुग्ण रांगेत किती वेळ उभा राहिला, यावर कोणाचंच बिल अडकलेलं मी पाहिलं नाही. मग होतं काय? सिस्टर आधी रजिस्टरमध्ये लिहिते, कारण वरचा साहेब रजिस्टर मागतो. मग तेच संगणकात भरते, कारण त्याच्यावरचा साहेब डॅशबोर्ड बघतो. तिचं काम दुप्पट झालं, रुग्णाला मिळणारा तिचा वेळ निम्मा झाला आणि अहवालात लिहिलं गेलं की दवाखाना डिजिटल झाला.

ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये टोनी ब्लेअर यांच्या सरकारने २००२ साली सगळ्या सरकारी आरोग्यसेवेसाठी एकच राष्ट्रीय संगणक कार्यक्रम हाती घेतला. देशाचे विभाग पाडले, मोठमोठ्या कंपन्यांना घाईघाईने कंत्राटं दिली. डॉक्टर आणि नर्स यांना काय हवं, हे विचारण्याआधीच काय द्यायचं ते ठरलं होतं. २००६ मध्ये एक बडी कंपनी बाहेर पडली, २००८ मध्ये दुसरीचं कंत्राट संपलं आणि सप्टेंबर २०११ मध्ये सरकारने कार्यक्रमच मोडीत काढत असल्याचं जाहीर केलं. खर्च १० अब्ज पौंडांच्या घरात गेला. त्यातून काही गोष्टी टिकल्या. एक्स-रे आणि स्कॅन संगणकावर दिसण्याची सोय टिकली, कारण ती डॉक्टरांना स्वतःला हवी होती. ज्याला वापरायचं आहे त्याला हवं असेल तर यंत्र टिकतं, हा धडा इंग्लंडने इतके पैसे मोजून घेतला. आपण तो फुकटात घेऊ शकतो, पण घेत नाही.

आपल्याकडे काय घडलं ते आठवा. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांसाठी कोविडची लस खुली झाली, पण 'कोविन'वर आधी नोंदणी केल्याशिवाय मिळणार नाही, अशा अटीवर. ते पोर्टल तेव्हा फक्त इंग्रजीत होतं. स्लॉट सेकंदांत संपायचे. मुंबईचे लोक जलद इंटरनेटच्या जोरावर आसपासच्या ग्रामीण केंद्रांवरचे स्लॉट पकडायचे आणि गाडी काढून लस घेऊन यायचे. ज्या गावात केंद्र होतं तिथली माणसं दारातून बघत राहायची. २४ मे रोजी सरकारने केंद्रावरच नोंदणीची मुभा दिली. ३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने याच डिजिटल दरीवर बोट ठेवलं. मराठी-हिंदीसह इतर भाषा पोर्टलवर आल्या त्या जूनमध्ये.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे म्हणाले की मुस्लिम वस्त्यांत लसीकरण वाढवण्यासाठी सलमान खानची मदत घेऊ. आपल्यात लसीबद्दल भीती होती, अफवाही होत्या. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण रात्रपाळी करणारा लूम कामगार, एका घरात एकच स्मार्टफोन, इंग्रजी पोर्टल आणि दिवसा बंद होणारं केंद्र, हे अडथळे कोणी मोजले? मोजले नाहीत म्हणून सगळा दोष 'मानसिकते'वर टाकता आला. हिशेबात न धरलेला अडथळा शेवटी लोकांच्या माथी मारला जातो. म्हणून मी मोजमापाबद्दल एवढा हट्ट धरतो.

आता त्यांच्याकडे बघा ज्या हे सगळं ओढतात. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी ताईंनी सरकारने दिलेले मोबाइल सरकारला परत केले. फोन जुने, मेमरी कमी, दुरुस्तीचा खर्च अंगावर आणि 'पोषण ट्रॅकर' इंग्रजीत. ही तंत्रज्ञानाची भीती नव्हती. काम करणाऱ्या बायकांनी दिलेला तो तांत्रिक अहवाल होता, फक्त तो पीपीटीत नव्हता. त्यानंतरही शिकवण काय घेतली? जुलै २०२५ पासून घरपोच आहार देण्यासाठी त्याच ॲपमध्ये लाभार्थीचा चेहरा ओळखण्याची अट आली. बाळंतपणानंतर उतरलेला चेहरा, मंद नेटवर्क, बुरख्यातून तोंड उघडून कॅमेऱ्यासमोर उभं राहायला संकोचणारी सून. या तिन्ही गोष्टी कोणत्या बैठकीत मांडल्या गेल्या असतील? आणि ॲपने नाही म्हटलं की शिव्या कोणाला? दारात उभ्या असलेल्या ताईला.

आशा ताईंचंही तेच. त्यांच्या मागण्यांमध्ये मानधनाइतकाच ऑनलाइन कामाच्या बोजाचा मुद्दा आलेला आहे. ज्या बाईचं मोल गरोदर बाईच्या घरात जाऊन तिच्याशी बोलण्यात आहे, तिला आपण फुकटातली डेटा एंट्री ऑपरेटर करून ठेवलंय.

आता आपल्या घरातल्या प्रश्नाकडे येतो. सॉफ्टवेअरला नाव तीन खणांत हवं असतं: पहिलं, मधलं, आडनाव. आपल्याकडे शकीला बी असते, नूरजहाँ खातून असते. तिला आडनाव नसतं आणि ते नसणं ही चूक नाही. एकाच माणसाचं नाव आधारवर 'मोहम्मद', रेशन कार्डवर 'मोहमद', शाळेच्या दाखल्यावर 'मो.' असतं. शेख, शेक, शैख या एकाच आडनावाची इंग्रजीत निदान चार स्पेलिंगं चालतात. कारण हे शब्द उर्दूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जातात आणि प्रत्येक टेबलावरचा कारकून आपल्या कानाला जे ऐकू येतं ते लिहितो. दोन नोंदी जुळवणारा प्रोग्राम लिहिणाऱ्याला हे माहीत नसेल, तर तो त्यांना दोन वेगळी माणसं समजतो. आजारी माणसाला मग सांगितलं जातं: आधी नाव दुरुस्त करून आणा. सेवा केंद्रात दोन चकरा, दोन दिवसांची मजुरी, वर एजंटचे पैसे. डायलिसिसवरच्या माणसाला हे सांगणं म्हणजे काय, हे वेगळं लिहायला नको.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. उच्चारावरून नावं जुळवण्याची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. स्पेलिंगच्या फरकामुळे नोंद नाकारायची नाही, खिडकीवरच्या माणसाने बघून शिक्का मारायचा, हा नियम एका ओळीत लिहिता येतो. लिहिला जात नाही, कारण निविदा काढणाऱ्याच्या घरात कोणाचं नाव अडलेलं नसतं.

आणि दुसरी गोष्ट, जी बोलायला आपण कचरतो. भीती. आपल्या ग्रुपांवर मेसेज फिरतात की 'आभा' म्हणजे एनआरसीच, कोणी काही देऊ नका. हा मेसेज खोटा आहे. 'आभा'च्या अर्जात धर्माचा रकाना नाही आणि नागरिकत्वाशी त्याचा संबंध नाही. पण मेसेज खोटा म्हणून भीती खोटी ठरत नाही. आपल्या देशात रकाना लागत नाही, नावच पुरतं. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या रोजच्या पत्रकार परिषदेत तबलिगी जमातीशी जोडलेल्या रुग्णांचा आकडा वेगळा काढून सांगितला जात होता. आरोग्याच्या आकडेवारीतून एका समाजाला आरोपी केलं गेलं. भाजीवाल्याला गल्लीतून हाकललं गेलं ते त्या आकड्यांच्या जोरावर. पुढे २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं नोंदवलं. पण ती भाजीची गाडी परत त्या गल्लीत गेली का?

बाहेरचाही दाखला आहे. इंग्लंडमध्ये २०१७ पासून एका लेखी करारानुसार आरोग्यसेवेकडचे रुग्णांचे पत्ते स्थलांतरितांना शोधण्यासाठी गृहखात्याला दिले जात होते. डॉक्टरांनी आणि संघटनांनी आवाज उठवला की यामुळे लोक दवाखान्यात यायला घाबरतात. २०१८ मध्ये तो करार मागे घ्यावा लागला. म्हणजे डॉक्टरला सांगितलेली माहिती दुसऱ्याच खात्यात जाऊ शकते, ही शंका अडाण्याची नाही. आपल्याकडे २०२१ मध्ये लसीच्या नोंदणीला आधार दिलेल्या अनेकांचा आरोग्य क्रमांक त्यांना नीट न सांगताच तयार झाला. ज्याला ऐच्छिक म्हणतात ते असं झालं, तर विश्वास कसा बसणार?

आपल्या भाषेत याला अमानत म्हणतात. कोणी तुमच्याकडे ठेवायला दिलेली वस्तू तुमची होत नाही. बाईचा गर्भपात, मुलाची मिरगी, बापाचा क्षयरोग ही अमानत आहे. ती सरकारकडे असो, कंपनीकडे असो की रविवारच्या शिबिरातल्या लॅपटॉपमध्ये. आणि इथे मला आपल्याच तंजिमांना विचारायचंय: शिबिरात घेतलेल्या आधारच्या झेरॉक्स कुठे आहेत? व्हॉट्सॲपवर मागवलेले फोटो कोणाच्या फोनमध्ये आहेत? सरकारला जाब विचारणाऱ्याने आधी आपलं कपाट उघडून दाखवावं.

म्हणजे दोन टोकं झाली. एक म्हणतो, सगळी कार्डं काढा, मागे राहू नका. दुसरा म्हणतो, काहीच देऊ नका, डाव आहे. दोघांनाही खिडकीवर जाऊन भांडायचं नाहीये. पहिल्याला फोटो पुरतो, दुसऱ्याला फॉरवर्ड पुरतो. पण ज्याला इन्सुलिन लागतं त्याला दवाखान्यात जावंच लागतं आणि खिडकी त्याच्यासाठी जशी असेल तशी त्याला सोसावी लागते.

तिसरा रस्ता आहे आणि तो वंशभेदाविरुद्ध लढलेल्या लोकांनी काढलाय. १९९४ साली दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट संपली तेव्हा आरोग्यसेवा वंशावरून तुकड्यातुकड्यांत वाटलेली होती आणि नोंदीही तशाच. चळवळीतल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी आणि संगणक अभ्यासकांनी केप टाऊनच्या मिचेल्स प्लेनसारख्या वस्त्यांतून काम सुरू केलं. त्यांनी मंत्रालयाला काय हवं हे आधी विचारलं नाही. दवाखान्यातल्या नर्सला विचारलं, तुझ्या रोजच्या कामाला कोणती माहिती लागते? बाकीची काढून टाकली. थोड्याच पण कामाच्या आकड्यांचा संच ठरवला आणि मग त्यासाठी सॉफ्टवेअर लिहिलं. तेच पुढे डीएचआयएस-२ नावाने खुलं, मोफत सॉफ्टवेअर म्हणून वाढलं. आपल्या केरळात ते सुरुवातीच्या काळातच वापरलं गेलं आणि आज ७० हून अधिक देशांत चालतं. त्याच्यातही उणिवा आहेत. पण क्रम सरळ होता: आधी माणूस, मग नोंद, मग यंत्र.

आपण काय मागायचं? मी सहा गोष्टी सांगतो. एक, कागदाचा रस्ता कायम उघडा राहिला पाहिजे. 'आभा' ऐच्छिक आहे, नसला तरी केसपेपर निघेल, असा फलक प्रत्येक खिडकीवर मराठी, उर्दू आणि हिंदीत लागला पाहिजे. दोन, यंत्रणा आधी सर्वांत गर्दीच्या, सर्वांत अडचणीच्या दवाखान्यात तपासा. गोवंडीत आणि मालेगावात चालली तर कुठेही चालेल. तीन, डेटा भरायला पगारी माणूस नेमा, सिस्टर आणि आशा ताईंना मोकळं सोडा. चार, स्पेलिंगवरून उपचार नाकारायचा नाही. पाच, यंत्रणा बंद पडेल तेव्हा काय करायचं याची तालीम झाली पाहिजे. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि पुढचे साधारण दोन आठवडे ते रुग्णालय कागदावर चाललं. तिथे कागदावर काम करणारी माणसं होती म्हणून चाललं. सहा, माझी नोंद कोणी, कधी उघडली हे मला दिसलं पाहिजे आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय ती पोलिसांकडे जाता कामा नये.

कायदाही थोडा हाताशी आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मागताना ती सूचना आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मिळण्याची तरतूद आहे. मराठी त्यात आहे, उर्दूही आहे. अंमल टप्प्याटप्प्याने येतोय. त्याच कायद्यात हव्या त्या सरकारी यंत्रणेला सूट देण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवलाय, हेही लक्षात असू द्या. म्हणून कायद्यावर विसंबून बसता येणार नाही.

आणि रविवारचं शिबिर? ते बंद करू नका, बदला. चार लॅपटॉपपैकी दोन राहू द्या. उरलेली दोन पोरं सोमवार ते शुक्रवार आळीपाळीने सरकारी दवाखान्याच्या खिडकीजवळ उभी राहू द्या, हातात एक वही घेऊन. कोण परत गेलं, कोणत्या कारणाने, किती वाजता. नाव लिहू नका, कारण लिहा. ओटीपी कोणाचाही विचारू नका, ज्याचा फोन त्यानेच टाकायचा. आधारची झेरॉक्स घेऊ नका. कार्ड काढण्याआधी दोन मिनिटं समजावून सांगा की 'आभा' काय आहे, काय नाही, आणि नको असेल तर ते बंदही करता येतं.

महिन्याभराची वही घेऊन रुग्ण कल्याण समितीकडे जा. ती प्रत्येक सरकारी रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात असते, आपण तिच्या बैठकीची तारीखसुद्धा विचारत नाही. तिथे दाद लागली नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका: यंत्रणा किती तास बंद होती, दुरुस्तीचं कंत्राट कोणाचं आहे, दंड किती वसूल झाला. महाराष्ट्रात २००७ पासून लोकाधारित देखरेखीत गावागावांत जनसुनवाया झाल्या आहेत. आदिवासी भागातल्या बायांनी डॉक्टरांना समोर बसवून हिशेब मागितलाय. त्यांना जमलं ते इंजिनिअरिंग झालेल्या पोरांना जमू नये?

माझ्यासारखे शेकडो जण आज पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत कोड लिहितात. त्यातले काही नेमकं हेच सॉफ्टवेअर लिहितात. त्यांना माझं एकच सांगणं आहे. पुढच्या मीटिंगमध्ये जेव्हा कोणी 'लास्ट नेम' सक्तीचं करायला सांगेल तेव्हा हात वर करा आणि विचारा की शकीला बी ने काय भरायचं. तिथे तो प्रश्न विचारणारं कोणी नसतं म्हणून तिला खिडकीवर उत्तर द्यावं लागतं.